फिल्म काढू नकोस

"काढू की ठेवू, तेवढं सांग," दादा म्हणाला. बस म्हटलं तरी बसला नाही.

टेम्पोतून उतरवलेलं पिनबॉलचं मशीन बहिणीच्या वर्कशॉपचं अर्धं दार अडवून उभं होतं. बाबांच्या गेम-हॉलला आग लागली तेव्हा वाचलेलं हे एकच मशीन. काच काढलेली होती. खालच्या फळीवर सर्कशीचं चित्र आणि त्यावर बाबांनी चिकटवलेली पारदर्शक फिल्म, खेळातली लोखंडी गोळी फिरून फिरून रंग उडू नये म्हणून. आता ती फिल्म पिवळी पडली होती, जागोजागी फुगली होती. झोक्यावरच्या मुलीला तर कावीळ झाल्यासारखं दिसत होतं.

जुन्या खेळांच्या प्रदर्शनात हे मशीन मधोमध मांडायचं ठरलं होतं. पेपरात दादाचा फोटोही छापून आला होता. बहिणीकडे तो सुखासुखी आला नव्हता. फिल्म चिकटवताना बाबांच्या हाताखाली तीच होती, म्हणून नाक मुठीत धरून आला होता.

आणि ती या दिवसाची वाटच बघत होती. हॉलला आग लागली ती दादाने तारा जोडायची सोल्डरिंग गन चालू ठेवल्यामुळे. बाबांना त्याने सांगितलं, हिनेच ठेवली. लहानपणापासून खोटं बोलताना तिचा हात कानाकडे जायचा, पाळी चोळत राहायचा. घरात त्यावरून सगळे तिला चिडवायचे. दादाने नेमकं तेच वापरलं. मी विचारलं तर कान चोळायला लागली, म्हणाला. वास्तविक त्याने तिला काही विचारलंच नव्हतं. पण बाबांनी त्याचं ऐकलं आणि जाईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. गेलेल्या माणसाला खरं काय सांगणार, कपाळ? उरला होता तो दादा.

ती फळीवर वाकली. फुगलेल्या जागांवरून बोट फिरवलं.

"काढू नकोस," ती म्हणाली. "चित्राचा बराचसा रंग उडाला होता. बाबांनी तो साध्या रंगाने पुन्हा भरला आणि वर फिल्म लावली. तो रंग फिल्मलाच धरून आहे. ओढलीस तर चित्र निघून येईल."

बोलता बोलता तिचा हात वर गेला आणि कानाची पाळी चोळू लागला.

दादा बघत राहिला. तिने घाईघाईने हात खाली घेतला, तशी त्याची खात्रीच पटली. मग ती म्हणाली, माझ्याकडे ठेवून जा, बघते काय करता येतं ते.

ठेवून जायला तो काय दूधखुळा होता? मशीन परत टेम्पोत चढलं. तिला ऐकू जाईल अशा आवाजात तो वहिनीला फोनवर म्हणाला, बया अजून तशीच आहे, तेव्हाही धड खोटं बोलता येत नव्हतं, आताही येत नाही. चारचौघांत माझी शोभा करायला निघाली होती.

फिल्म त्याने उद्घाटनालाच काढली, सगळ्या पाहुण्यांसमोर. आधी छोटंसं भाषण ठोकलं. घरातूनच विरोध होता, पण वडिलांची कला लोकांनी बघायला नको का, वगैरे. टाळ्या पडल्या. वहिनीने ड्रायरने ऊब दिली. दादाने कोपरा धरला आणि एका दमात ओढलं.

रिंगमास्टर, हत्ती, झोक्यावरची मुलगी, सगळी फिल्मला चिकटून वर आली. खाली उघडं लाकूड. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"तुला ठाऊक होतं."

"म्हणून तर सांगितलं. शब्द न् शब्द खरा होता."

"पण तू तर कान..." तो बोलता बोलता थांबला.



"फार वाईट वाटलं रे, दादा," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा हात आपोआप कानाकडे गेला.