बुसोग

दुबईत देऱ्यातल्या हॉटेलच्या किचनमध्ये फिलिपिनो रोनेलसोबत कांदे चिरता चिरता केरू त्याच्या सेबुआनो भाषेतले खाण्यापुरते शब्द शिकला होता. काऊन म्हणजे जेवणं, कान-ऑन म्हणजे भात, इस्दा म्हणजे मासे आणि बुसोग म्हणजे पोट भरलं.

आज रोनेलचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. त्याचा फोन केरूकडे होता, आणि "मम्मी को मत बोलना" ही ताकीदही. नेमका तिचाच व्हिडिओ कॉल आला. म्हातारी भडाभडा बोलत सुटली. केरूला त्यातलं एवढंच कळलं, "रोनेल... काऊन?"

कालपासून रोनेलच्या पोटात पाण्याचा थेंबही नव्हता.

"कान-ऑन, इस्दा! बुसोग!" केरू नजर चुकवत, घाईघाईने हसून म्हणाला.

तिचा चेहरा निवळला. मग केरूने तिच्याकडेच बोट केलं, "काऊन?"

"बुसोग, बुसोग," नजर चुकवत ती घाईघाईने म्हणाली. अगदी केरूसारखीच.

तो फोन ठेवून केरूने लगेच आपल्या मोबाइलवरून गावी आईला फोन लावला. एरवी तो साधाच कॉल करायचा, आज व्हिडिओ लावला.

"आये, जेवलीस काय?"

"जेवले रे, पोटभर."

"ताट दाखव बघू."