एका शब्दात उत्तर

“हो की नाही? एका शब्दात सांगा, बाई.” परीक्षकांनी पेन उचललं.

मधल्या टेबलावर अर्धं उघडलेलं इंजिन होतं. प्रश्न साधाच होता. रॉकरचं, म्हणजे कॅमची ढकल वाढवून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचं, गुणोत्तर दीडवरून एक पूर्णांक सहा दशांश केलं, तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो का?

“उचल वाढते,” बाई म्हणाल्या. “कॅमच्या फिरत्या उंचवट्याने सहा मिलिमीटर ढकललं, तर जुन्या रॉकरने व्हॉल्व्ह नऊ उघडतो, नव्याने साडेनऊच्या वर जातो. पण वेळेचं म्हणाल तर कुठून मोजायचं?”

“उलट प्रश्न नको. मी वेळेचंच विचारलं.”

“मीही वेळेचंच विचारतेय, साहेब.”

बाई बावन्न वर्षांच्या. बसदुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनाचं खातं त्याच चालवायच्या. फक्त कामाखाली सही दुसऱ्याची पडायची, कारण प्रमाणपत्र नव्हतं. दोनदा नापास झाल्या होत्या. ही तिसरी वेळ, आणि चौथ्यांदा बसू देत नाहीत. आणि आज पाच गुण कमी पडत होते.

परीक्षक मनाने वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. “माझ्या कागदावर उत्तर ‘नाही’ असं आहे. तुम्ही ‘नाही’ म्हणा, मी पाच गुण देतो. विषय संपला.”

शब्द बाईंच्या ओठांवर आला. त्यांनी तो गिळला.

“माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत. त्यांना मी एक शिकवायचं आणि इथे दुसरंच बोलायचं, हे मला जमायचं नाही. ते डायल गेज द्या इकडे.”

परवानगीची वाट न बघता त्यांनी बाह्या सारल्या. व्हॉल्व्ह किती हलतो ते सुईने दाखवणारं ते गेज व्हॉल्व्हवर टेकवलं, अंशांच्या खुणा असलेलं चाक धरून इंजिन हाताने फिरवलं. एकदा जुना रॉकर लावून, एकदा नवा.

“बघा. सुई हलली त्याच खुणेवर, थांबलीही त्याच खुणेवर. उघडायची आणि मिटायची वेळ कॅम ठरवतो. इथवर तुमचं ‘नाही’ बरोबर.” त्यांनी चाक मागे घेतलं. “आता व्हॉल्व्ह एक मिलिमीटर उघडल्यापासून मोजू.”

नव्या रॉकरने व्हॉल्व्ह तिथे दोन अंश आधी पोचला. उतरताना दोन अंश उशिरा तिथे आला.

“चार अंश जास्त. थोडेच आहेत, पण आहेत.”

परीक्षक उठले. त्यांनी स्वतः चाक फिरवलं. रॉकर बदलून पुन्हा फिरवलं. मग बाईंच्या नावापुढे पाच लिहिले, पण पुढच्या माणसाला हाक काही मारली नाही. यादीवर वरपासून बोट फिरवत राहिले.

“सकाळपासून तिघांनी मला हेच विचारलं, कुठून मोजायचं म्हणून,” ते म्हणाले. “तिघांनाही मी गप्प बसवलं. शून्य दिलं. अजून फाटकापाशीच असतील.”

त्यांनी शिपायाला हाक मारली. तो जागेवर नव्हता. मग यादी हातात घेऊन ते स्वतःच दाराबाहेर पडले, आणि अंगणातून फाटकाकडे चक्क धावत सुटले.

बाहेर बाकावर बसलेली बाईंची मुलगी घाबरून आत आली.

“आई, काय झालं? साहेब का पळतायत?”

बाई बोटांवरचं तेल पुसत होत्या.

“पळू दे,” त्या म्हणाल्या. “पोचायला हवेत ते.”