मागून येतेय

फ्रेंच रेस्टॉरंटच्या किचनमध्ये मी नवी इंटर्न. शेफनं पहिल्याच दिवशी दम भरला, "गरम भांडं घेऊन कुणाच्या मागून जाताना ओरडायचं, नाहीतर कुणीतरी भाजेल." दिवसभर मी एवढंच बोलते, "मागून येतेय, गरम आहे!" समोरची पाठ सरकते, वळून कुणी बघत नाही. सगळ्यांना मी पाठीवरूनच ओळखते. सुट्टीच्या सकाळी आईचा फोन आला. "कुणाशी ओळख झाली का गं?" फोन स्पीकरवर टाकून विषय टाळत होते, तेवढ्यात दूध वर आलं. सांडशीत पातेलं धरून वळले, सवयीनं ओरडले, "मागून येतेय, गरम आहे!" "कोण आहे गं तिथे?" खोलीत खाट होती, खुर्ची होती. "मैत्रीण," मी म्हणाले. "अगंबाई! आधी सांगायचंस ना! सांभाळ हं, चटका बसेल तिला." मी पातेलं जरा अंगाजवळ घेतलं आणि तिला वाट दिली.