दारावरचं मांजर

“हे आपलंच गाव आहे, ताई,” पैलवान म्हणाला आणि त्यानं साप्ताहिकाचा ताजा अंक तिच्या टेबलावर टाकला.

तिनं कुंचला खाली ठेवला नाही. असे ओळखणारे रोजच उगवत. तिच्या चित्रकथेतला मुखवटेवाला ज्या शहरात चोर पकडत हिंडतो, त्याला तिनं कधी नाव दिलं नव्हतं. वाचकांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. कुणी पुलाच्या कमानींवरून, कुणी सावल्यांच्या दिशेवरून आपापलं शहर सिद्ध करी. एका प्राध्यापकानं तर नुसत्या ट्रामच्या रुळांवर भाषण ठोकलं होतं. ती सगळ्यांना हसून नाही म्हणे. आणि प्रत्येकाकडे जरा जास्तच वेळ बघत राही.

ही सवय तिला धाकटा भाऊ गेल्यापासून लागली होती. तो गोदामाचा पहारेकरी. एका संध्याकाळी त्याची खोली पेटली आणि दारासकट राख झाली. त्यातच तो गेला. आत एकटाच होता, त्याच्याच सिगारेटनं आग लागली, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्यानं जन्मात सिगारेट ओढली नव्हती. पण मेलेल्याच्या माथी काहीही मारता येतं. राखेत चहाचे दोन पेले निघाले, ते तिच्याशिवाय कुणाला दिसले नाहीत. पोराच्या निष्काळजीपणाबद्दल आईनं गावाचे बोल ऐकून घेतले. मालक, ट्रकवाले, शेजारीपाजारी, बहिणीला मात्र सगळ्यांचाच संशय येई.

पैलवान तेवढा त्यातून सुटलेला. भावाचा जिवाभावाचा दोस्त; अंगानं काडी, म्हणून गावानं पैलवान केलेला. आग लागली त्या दिवशी तो सकाळपासून परगावी मावशीकडे होता. परतला तो आईच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. तेव्हापासून आईची औषधं तोच आणायचा. आईला तो मुलाच्या जागी होता, आणि आताही ती त्याच्यासाठीच आत चहा टाकत होती.

“आपल्याकडे बंदर कुठाय? ट्राम कुठाय?” तिनं विचारलं.

ती सगळी धूळफेक, तो म्हणाला. सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत अंक चाळला आणि चटकन ओळखलं. स्वतःच्या हुशारीचं कौतुक त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. त्यानं एका चित्रावर बोट ठेवलं. मुखवटेवाल्याची लपायची खोली. आतून मिटलेलं दार, आणि दारावर खडूनं काढलेलं चष्मेवालं मांजर. ही आपल्या दोस्ताचीच खोली, दुसऱ्या कुणाची असणार?

“फक्त एक चुकलीस,” तो म्हणाला. “त्याच्या मांजराला मिशा एकाच बाजूला होत्या.”

कुंचला आता कुठे थांबला. बंदर, घुमट, ट्राम, सगळं तिनं मनानंच रचलं होतं. ते मांजर मात्र प्रत्येक अंकात कुठल्या ना कुठल्या दारावर असायचंच, आणि मिशा ती दर वेळी दोन्ही बाजूंना काढायची. मुद्दाम. दुसरा कुणीही चालला असता, हा नको होता.

आई चहा घेऊन आली. “घे बाळा,” म्हणाली. त्यानं पेला घेतला आणि सवयीनं खिशातून सिगारेट काढली.

“आई, तूही बस जरा,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. “एका बाजूच्या मिशा राहिल्या, कारण खडू संपला. मी त्याचा जेवणाचा डबा घेऊन गेले होते, ते मांजर त्यानं माझ्यासमोरच काढलं. आग लागली, त्याच दिवशी दुपारी.”