खटल्यास पात्र

“शंभरातून सात गेले, किती राहिले?”

“त्र्याण्णव.”

“त्यातून अजून सात. असं खाली खाली जायचं.”

“शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट...” तानाबाई थांबली. “किती खाली नेता, मॅडम? विहीर खोदून राह्यल्या काय?”

डॉक्टर जेबांचं पेन क्षणभर थांबलं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात कोर्टाने पाठवलेली ही बासष्ट वर्षांची बाई आज तिसऱ्यांदा त्यांच्यासमोर बसली होती. कोर्टाला एवढंच कळवायचं होतं, की आरोपीला खटला समजतो की नाही.

प्रकरण साधं होतं. दिग्रसच्या स्टँडवर, भर बाजाराच्या दिवशी, तानाबाईने ड्युटीवरच्या पोलीस जमादाराच्या कानाखाली वाजवली होती. ना ओळख, ना भांडण. टोपी उडाली तसा तो म्हणाला, “मावशी, म्या काय केलं?” ती पळालीही नाही. बाकावर जाऊन बसली.

तिच्या मुलाने, नयनने, कोर्टात अर्ज दिला. आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्यावर खटला चालवू नये. तिन्ही वेळा तोच सोबत आला होता. आईच्या गोळ्या, पाण्याची बाटली, दाराशी काढलेली तिची चप्पलसुद्धा तो जपायचा. त्याची बहीण निकिता बाहेर लेकीला मांडीवर घेऊन बसलेली असायची. सासर सोडून तिला तीन वर्षं झाली होती. तिची नजर दारावरून हलत नसे, पण ती आत येत नसे.

“बिनकारण वर्दीवाल्याले कोनी मारते का, मॅडम? तुम्हीच सांगा,” नयन म्हणाला. मग आईकडे वाकला. “आई, सांग ना, कानात आवाज येते म्हणून.”

“येते ना. तुहाच येते, सकायपासून.”

जेबांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. उठताना त्याने डोळे पुसले. “जेलात मरन हो ते, मॅडम.”

दार लागलं.

“न्यायाधीश काय करतात, मावशी?”

“दोघायचं आयकते, मग ठरवते.”

“सरकारी वकील?”

“मले दोषी ठरवाले पाह्यते.”

“आणि तुमचा वकील?”

“मले येडी ठरवाले पाह्यते. पोरानं लावला हाये.”

“जमादाराला का मारलंत?”

“ते जजसाहेबापुढंच सांगीन.”

जेबांनी कागद बाजूला केला. “नीट ऐका. तुम्हाला खटला समजत नाही असं मी लिहिलं, तर तो थांबेल. तुम्ही मुलासोबत घरी जाल. समजतो असं लिहिलं, तर चालेल. तुरुंगसुद्धा होऊ शकतो.”

“मी येडी दिसतो का तुमाले?”

“नाही.”

“मग तसंच लिहा. अन् अक्षर जरा मोठं काढा.”

जेबांनी लिहिलं.

पंधरा दिवसांनी कोर्टात अहवाल वाचला गेला. मानसिक स्थिती सामान्य. स्वतःचं भलंबुरं समजतं. खटल्यास पात्र. मागच्या बाकावर नयनने कपाळ धरलं.

“गुन्हा कबूल आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

“कबूल हाये.”

“त्या माणसाला मारलंत कशासाठी?”

तानाबाईने आधी जमादाराकडे वळून हात जोडले. “माफ कर रे बापू. तुह्याशी माह्यं काहीच वैर नाही.”

मग ती न्यायाधीशांकडे फिरली. “साहेब, माह्या नावचं पाच एकर वावर निकिताले लिहून द्याले गेलतो. या नयननं तिथं आधीच अर्ज टाकलता, आई येडी हाये म्हणून. रजिस्ट्रीवाले म्हणे, शहानी असल्याचा सरकारी डॉक्टरचा कागद आन. डॉक्टर म्हणे, पोराची सही आन, नाहीतर कोर्टाचा हुकूम. पोरगा काही सही देत नव्हता. मंग कोर्टात यायाले काहीतरी कराच लागलं. आता त्या कागदाची एक नक्कल द्या, अन् खुशाल टाका मले जेलात.”