बारावं घर

१. भगवान चांगो

"नाव तोंडानं घ्यायचं," आळीतल्या पुरुषांची यादी उघडत हवालदार म्हणाला. "मग होय किंवा नाही. नुसती मान हलवलेली कागदावर चढत नाही."

"भगवानदादा," भामा म्हणाली. "नाय."

भगवान तिथंच, भामाच्या घरातल्या भिंतीला टेकून बसला होता. तो मिठागराचा मुकादम. सगळी आळी त्याच्या हाताखाली. भामानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"बग मैना," तो हसला, "आमी सुटलो."

मैना हसली नाही. तिच्या नवऱ्याला काल संध्याकाळी चोरीच्या संशयावरून धरून नेलं होतं. दुसरं नाव मिळालं तर तो सुटणार होता. नाही तर उद्या कोर्टात.

२. जगन पोशा

"जगन. नाय."

तीन महिन्यांत सबंध पनवेलात पंधरा चोऱ्या झाल्या. त्यातल्या अकरा खाडीकाठच्या या एका आळीत. त्या आळीत असं आहे तरी काय, असं वरून लेखी विचारणं आलं होतं.

हवालदार नवीन होता. त्यालाही तेच कळत नव्हतं. आगीनंतर बांधलेली एका मापाची बारा घरं. चोरी भर दुपारी, बाराच्या ठोक्याला. सोन्याला हात नाही. जायचं ते भाताचं पातेलं, सुके बोंबील, एखादं धोतर, तंबाखूचा बटवा.

काल अकराव्या घरात सोनाबाईला चुलीपाशी कुणीतरी पाठमोरं उभं दिसलं. म्हातारी किंचाळून पडली, हात मोडला. तिनं तोंड पाहिलं नाही. भामानं पाहिलं. ती मासळीची पाटी घेऊन दारावरून येत होती. तो तिच्या अंगावरूनच बाहेर पडला.

३, ४, ५

नाय. नाय. नाय.

६. काशि

पुढची शाई पसरली होती. "काशिनाथ की काशिराम? काल त्याला धरला तेव्हा मी नव्हतो. मैना, तुझ्या नवऱ्याचं पुरं नाव सांग."

मैनानं पदराचं टोक दातांत धरलं.

"ती कशी घेल नाव?" सोनाबाई गळ्यात बांधलेला हात सावरत म्हणाली. "काशिराम. ल्ही."

"नवरा कोठडीत, आणि हिला लाज!" हवालदार म्हणाला.

"उखाणा घे गो," भगवान म्हणाला. "हवालदारसायेब टाळ्या वाजवतील."

"काशिराम," भामा मध्येच म्हणाली. "नाय."

मैनानं दातांतला पदर सोडला.

"मग पावलं कुणाची?" हवालदार तिच्याकडं वळला. "अकराही घरांत ओली पावलं. वाळली की पांढरं मीठ उरतं. मिठागरावर काम कोण करतं?"

"आमी सगलीच करतांव," मैना म्हणाली. "मंग सगल्यांना धरा."

७, ८

नाय. नाय.

चोरानं खाडीकडच्या टोकापासून सुरुवात केली होती. पहिलं घर, दुसरं, तिसरं. एकही सोडलं नव्हतं. राहिलं होतं ते हे भामाचं, बारावं.

सगळ्या आळीनं दाराला कड्या बसवल्या होत्या. भामाचं दार सताड उघडं. यादीवर उजेड पडावा म्हणून हवालदार त्याच दाराकडं पाठ करून बसला होता.

"आता तुझीच पाळी," तो म्हणाला. "कडी का नाही लावत?"

"आजवर नाय लावली."

९. दादू नामा

"हा कोण?"

"यादी कवाची हाय?" सोनाबाईनं विचारलं.

"रेशनच्या वेळची. लढाईतली."

"तरीच. दादूची होडी गेली तिला नव वर्सं झाली. आळी जळली ती त्याच्या दुसऱ्या साली. होडी गावली नाय, तो बी नाय. पुढं चल."

हवालदारानं नाव खोडलं.

१०, ११

नाय. नाय.

भामा उठून चुलीपाशी गेली. भात आणि कालवण वाढलं, ताट झाकून पाटाशी ठेवलं आणि परत येऊन बसली. कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू घामानं ओघळलं होतं.

"तुझं जेवण खोळंबलं," हवालदार म्हणाला.

"माजा नाय," ती म्हणाली. "वाच."

१२, १३

नाय. नाय.

१४. महादेव हिरू

"महादेव. नाय."

हवालदारानं कागदाची घडी घातली. "संपली यादी. म्हणजे चोर बाहेरचा."

"बाहेरचा नाय."

"आळीतलाच? ओळखतेस?"

"वलखते."

"मग खोटं बोलतेस. शेजारणीसाठी. काशिरामच तो."

मैनानं भामाचे दोन्ही हात धरले. त्यांतल्या हिरव्या बांगड्या वाजल्या. "भामावैनी, सांग गो. कुनाला भितेस?" तिची नजर भगवानकडं गेली. "ह्यांला? ह्यो काय करनार? मिठागरावरून काढंल. काढू दे. आमी दोघा तुला पोसू."

"मी काय केलंय?" भगवान म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"भीत नाय मी," भामा म्हणाली. "हवालदारसायेब, तुमी मना चौदा नावा कुठं इचारलीत? तेराच इचारलीत."

९.

हवालदारानं घडी उलगडली. बोट ठेवत मोजली. तेराच होती.

मिठागरावर बाराचे टोले पडले. मैनानं भामाचे हात सोडले आणि ती मागं सरकत भिंतीला लागली. सोनाबाईनं डोळे मिटून घेतले.

भामानं डोक्यावरून पदर ओढला, ताटावरचं झाकण काढलं आणि हवालदाराच्या खांद्यावरून उंबऱ्याकडं पाहत म्हणाली, "मी कसा घेऊ नाव? तुमीच इचारा त्यांना."