माणशी दहा किलो

काटा बावीस किलोंवर थांबला आणि हेगेच्या डोक्यात तिडीक गेली.

दुकानात तिने स्वतः वजन केलं होतं. वीस किलो, ना एक ग्रॅम इकडे ना तिकडे. स्वीडनमध्ये मांस स्वस्त, पण ते नॉर्वेत आणायचं तर माणशी दहा किलो. त्याच्या वर गेलं की असला कर लावतात की इतक्या लांबच्या हेलपाट्याचा काही फायदाच राहत नाही. गाडीत माणसं दोन, ती आणि सासूबाई. सगळं चोख होतं. तरी बावीस!

"दोन किलो जास्त आहे, बाई," सीमेवरचा अधिकारी म्हणाला. "हे आजींच्या पिशवीतलं धरून."

हेगेने गर्रकन वळून पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बोर्गहिल्डबाई बाकावर बसून शांतपणे हातमोजे घालत होत्या.

"आई! हे कधी घेतलंत तुम्ही?"

"तू फ्रीजरमध्ये डोकं घालून भांडत होतीस तेव्हा."

भांडणार नाही तर काय करणार? तिथेही भाव वाढले होते, आणि इकडे घरी, मॉस गावात तर कोकराच्या मांडीला हात लावायची सोय राहिली नव्हती. दोन आठवड्यांवर लेकीचं, सिन्नेचं कन्फर्मेशन आलेलं. पोर पंधराची झाली, चर्चमध्ये उभी राहून श्रद्धेची कबुली देणार, नंतर घरी मेजवानी. या देशात बाकी काहीही कमी पडलेलं चालतं, पण त्या दिवशी पाहुण्याच्या ताटात मांस कमी पडलं तर नातेवाईक वीस वर्षं विसरत नाहीत. हेगेने हॉल रद्द करून गॅरेज झाडून घेतलं. फुलं रद्द केली. सेहेचाळीस पाहुण्यांचे चाळीस केले. माणशी अर्धा किलो, हाडांसकट, म्हणजे बरोबर वीस. नवरा ओद्वार प्रत्येक गोष्टीला "बघ तुला जमेल तसं" म्हणून मोकळा. त्याचं काय जातंय!

दर दुसऱ्या शनिवारी ती सासूबाईंना वृद्धाश्रमातून बाहेर काढायची. तिथल्या नर्सबाई म्हणायच्या, सून असावी तर अशी. हेगे हसून वेळ मारून न्यायची. सासूबाई गाडीत बसल्या की दहाचे वीस किलो होत, एवढीच त्यातली गोम होती. त्या दहा किलोंसाठी काय काय सोसावं लागायचं! आज दोनदा वाटेत थांबून झालं, मग कॉफी झाली, मग तीन वेळा विचारून झालं की सिन्नेचा पोशाख शिवून आला का. आणि आता हे.

"ते आजींचं काढून घ्या," हेगे अधिकाऱ्याला म्हणाली. "आश्रमात त्यांना रोज आयतं जेवण मिळतं. त्यांना काय करायचंय कच्च्या मांसाचं?"

"तसं नाही करता येत," अधिकारी म्हणाला. "दहा किलो तुमचे, दहा त्यांचे. त्यांच्या वाट्याचं काय न्यायचं ते त्या सांगतील."

"मी हेच नेणार," बोर्गहिल्डबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "आमच्या मजल्यावरच्या चौघीजणींना जेवायला बोलावलंय मी. स्वयंपाकघरातली पोरगी भाजून देते म्हणालीय."

"कशाबद्दल पण? आणि आत्ताच?" हेगेचा आवाज चढला. "माझ्या चार पाहुण्यांचं ताट जातंय त्यात, कळतंय का तुम्हाला?"

"सिन्नेच्या कन्फर्मेशनबद्दल. त्याच रविवारी. नातीचा एवढा मोठा दिवस आणि आजी नुसती खिडकीशी बसलीय, बरं दिसेल का ते?"

हेगे खोक्याचं झाकण उगाच दाबून बसवायला लागली.

"मागच्या खेपेला गाडीत ओद्वारशी फोनवर बोलत होतीस ना तू," बोर्गहिल्डबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच हेगेला सहन होईना. "आईंना कशाला उगाच दगदग, तेवढीच एक खुर्ची वाचेल, म्हणालीस. मी डोळे मिटले होते गं, झोप नव्हती लागली."

अधिकाऱ्याला एकाएकी टेबलावरचे कागद नीट लावावेसे वाटले. हेगेच्या कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या. मग तिने आपल्या खोक्यातून दोन किलोंची मांडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही ठेवून घ्या," ती कशीबशी म्हणाली.

अधिकाऱ्याने घसा साफ केला. "मग आजी, तुमच्या वाट्याचे उरलेले आठ किलो? ते यांच्याच खोक्यात आहेत."

"असू देत तिच्याकडेच," बोर्गहिल्डबाई काठीच्या आधाराने उठत म्हणाल्या. "बोलावलं नाही म्हणून आजीने काय आहेर चुकवायचा?"